विमानाची सीट आणि आपला देह : तिकीट काढण्याआधीपासून विमान उतरेपर्यंत काय काय पाहायचं

विमानाची सीट सरासरी माणसासाठी असते असं म्हणतात, पण त्या सरासरी माणसाचे खांदेही तिच्यात मावत नाहीत. इकॉनॉमीतली सीट दोन आर्मरेस्टच्या मध्ये साधारण १७ ते १८ इंच, म्हणजे ४३ ते ४६ सेंटिमीटर रुंद. मध्यम बांध्याच्या प्रौढ पुरुषाचे खांदे दंडांसकट मोजले तर ४८-५० सेंटिमीटरच्या आसपास भरतात. म्हणजे तीन मध्यम पुरुष शेजारी शेजारी बसले की खांद्याला खांदा लागणारच, त्यात कुणाचा दोष नाही. देह भारी असेल, उंची जास्त असेल, किंवा उंची इतकी कमी असेल की पाय जमिनीला टेकत नाहीत, तर अडचण वेगवेगळ्या जागी येते आणि उपायही वेगवेगळे लागतात.

पहिल्यांदा प्रवास करणारे बहुतेक जण हा विचार विमानाच्या दारात करतात. तोवर करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. जे करायचं ते तिकिटाच्या वेळी, घरी बसून, हातात टेप घेऊन.

हाताशी काय हवं

- शिंप्याची मोजपट्टी, एक जाड पुस्तक किंवा फळी, टणक सपाट बैठकीची खुर्ची
- विमान कंपनीचे प्रवासाचे नियम, म्हणजे तिकिटाच्या पानावर बारीक अक्षरात जोडलेला तो लांबलचक मजकूर
- तिकिटाचा पीएनआर (म्हणजे आरक्षणाचा क्रमांक) आणि विमानाचा प्रकार (उदा. ए३२०, ७३७-८००)
- वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांचं पत्र. गुडघा किंवा पाय वाकत नसेल तर त्याचा स्पष्ट उल्लेख त्यात हवा
- जादा सीट घेतली असेल तर दोन्ही सीटच्या पावत्या

१. आधी स्वतःची चार मापं घ्या

वजनाचा आकडा इथे उपयोगाचा नाही. सारख्याच वजनाच्या दोन माणसांची बसल्यावरची रुंदी बरीच वेगळी असू शकते. मापं बसूनच घ्यायची, उभ्याने नाही, कारण बसल्यावर मांड्या आणि कंबर पसरतात.

*कंबरेची रुंदी.* खुर्ची भिंतीला लावा आणि एका बाजूची मांडी भिंतीला टेकेल अशी बसा. दुसऱ्या बाजूला पुस्तक उभं धरून सर्वांत रुंद भागाला टेकवा, दाबू नका. भिंतीपासून पुस्तकापर्यंतचं अंतर मोजा.

*खांद्यांची रुंदी.* तसंच बसा, हात मांडीवर सैल ठेवा आणि एका दंडापासून दुसऱ्या दंडापर्यंत मोजा. हे माप बहुतेक लोक विसरतात. कंबर सीटमध्ये आरामात बसते, तरी शेजाऱ्याशी रेटारेटी होते ती खांद्यांमुळेच.

*गुडघ्यापर्यंतची लांबी.* पाठ आणि नितंब भिंतीला टेकवून बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा. उंच माणसासाठी हाच खरा आकडा. सारख्या उंचीच्या दोघांमध्ये एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब असू शकतं, म्हणून नुसत्या उंचीवरून अंदाज चुकतो.

*सीटच्या पट्ट्याची लांबी.* खुर्चीच्या मागच्या एका कोपऱ्यापासून मोजपट्टी मांडीवरून, पोटाच्या खालून, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न्या. पट्ट्याची लांबी कंपनीगणिक आणि कधी एकाच कंपनीच्या दोन विमानांतही बदलते. त्यामुळे या आकड्यावरून पट्टा पुरेल की नाही याचा नक्की निर्णय होत नाही. माप १०० सेंटिमीटरच्या पुढे गेलं तर एक्स्टेंडर, म्हणजे पट्टा वाढवायला जोडायचा जादा तुकडा, लागू शकतो असं धरून चाला.

२. विमानाची मापं वाचायला शिका

कंपन्या दोन आकडे देतात, रुंदी आणि पिच. पिच म्हणजे तुमच्या सीटवरच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. पिच म्हणजे पायांची मोकळी जागा असं समजणं हा सगळ्यात जुना घोटाळा आहे. पुढच्या सीटच्या पाठीची जाडी, मासिकांचा खिसा आणि तुमच्या स्वतःच्या पाठीमागची गादी हे सगळं त्याच अंतरातून वजा होतं.

इकॉनॉमीत पिच साधारण २८ ते ३२ इंच, म्हणजे ७१ ते ८१ सेंटिमीटर असते. स्वस्त सेवेच्या विमानांत २८-२९ आणि लांबच्या प्रवासाच्या विमानांत ३१-३२ इंच सर्रास आढळते. पातळ पाठीच्या नव्या सीटमध्ये २९ इंच पिच जुन्या गुबगुबीत सीटच्या ३१ इंचांइतकी मोकळी वाटू शकते, निदान गुडघ्यांना. मासिकांचा खिसा ट्रेच्या वर नेलेला असेल तर गुडघ्याजवळ आणखी जागा सुटते. ढोबळ हिशेब असा: गुडघ्यापर्यंतचं माप ६३-६४ सेंटिमीटरच्या पुढे असेल तर २८-२९ इंचाच्या पिचमध्ये गुडघे टेकणार हे गृहीत धरा. मांडी पुढे सरकवून, कंबर वाकवून बसलात तर आणखी लागतील. नितंब पार मागे रेटून बसणं हा फुकटात मिळणारा दोन-तीन सेंटिमीटरचा उपाय आहे.

रुंदी ठरते ती विमानाच्या नळकांड्याच्या व्यासावरून आणि त्यात एका ओळीत किती सीट बसवल्या यावरून. इकॉनॉमीतले अंदाजे आकडे असे:

- बोइंग ७३७, ३-३ रचना (म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट): १७ इंचांच्या आसपास
- एअरबस ए३२० आणि तिची भावंडं, ३-३: १८ इंचांच्या आसपास, कारण केबिनच जास्त रुंद आहे
- एअरबस ए२२०, २-३: साडेअठराच्या आसपास, तिघांच्या बाजूची मधली सीट सहसा आणखी थोडी रुंद
- एम्ब्रेअर ई-जेट, २-२: १८ च्या आसपास, मधली सीटच नाही
- बोइंग ७८७, ३-३-३: १७ च्या आसपास
- बोइंग ७७७: ३-३-३ असेल तर १८ च्या वर, ३-४-३ असेल तर १७
- एअरबस ए३३०, २-४-२: १८ च्या आसपास
- एअरबस ए३५०, ३-३-३: १८ च्या आसपास

७७७ कडे नीट पाहा. विमान तेच, केबिन तेवढीच, फक्त ओळीत नऊऐवजी दहा माणसं बसवली की प्रत्येकाचा इंच-दीड इंच गेला. ७८७ चंही तसंच. ओळीत आठ सीटची रचना तिच्यात बसते, पण बहुतेक कंपन्यांनी नऊ घेतल्या. जपान एअरलाइन्सने आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये २-४-२ ठेवली आहे आणि तिथला फरक बसल्या क्षणी कळतो. म्हणून विमानाचं नाव पाहून थांबू नका, ओळीतल्या सीट मोजा. नकाशावर ए, बी, सी अशी अक्षरं मोजली तरी पुरतं.

कंपनीच्या संकेतस्थळावरचा सीटचा नकाशा प्रमाणात काढलेला नसतो, त्यात सगळे चौकोन सारखे दिसतात. एरोलोपा या संकेतस्थळावर प्रमाणबद्ध नकाशे मिळतात. त्यात खिडकीच्या जागा, भिंती, स्वच्छतागृहं खऱ्या ठिकाणी दिसतात. मात्र एकाच कंपनीत त्याच विमानाच्या दोन-तीन रचना असतात, म्हणून तुमच्या उड्डाणाची रचना कोणती ते कंपनीच्या नकाशातल्या ओळींच्या क्रमांकांशी ताडून बघा.

३. सीट निवडताना : कोणत्या देहाला कोणती

इथे घाई नको. "पुढची ओळ चांगली", "एक्झिट रो (आपत्कालीन दाराजवळची ओळ) उत्तम" असे सरसकट सल्ले सगळ्यांना लागू पडत नाहीत आणि रुंद बांध्याच्या माणसाला तर थेट उलटे पडतात.

*भारी किंवा रुंद बांधा.* भिंतीसमोरची पहिली ओळ, म्हणजे बल्कहेड, आणि एक्झिट रो टाळा. तिथे पुढे सीट नसल्यामुळे ट्रे आणि कधी स्क्रीनही आर्मरेस्टच्या पोटात बसवलेला असतो. असे आर्मरेस्ट वर होत नाहीत, खालपर्यंत भरीव असतात आणि सीटची रुंदी इंचभर खातात. पायाला जागा भरपूर, पण कंबर चिमट्यात. शिवाय एक्स्टेंडर लागणाऱ्या प्रवाशाला एक्झिट रोमध्ये बसू न देण्याचा नियम बऱ्याच कंपन्यांचा आहे. पैसे भरून घेतलेली सीट दारात गेल्यावर बदलावी लागते.

खिडकी की कडेची, यावर दोन मतं आहेत. खिडकीकडे एका बाजूला माणूस नसतो, भिंतीला टेकता येतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आणि ट्रॉलीचा धक्का लागत नाही. पण भिंत वरच्या बाजूला आत वळलेली असते, त्यामुळे खांदे रुंद असतील तर तुम्ही नकळत मधल्या सीटकडे कलता. कडेला खांदा मोकळा राहतो आणि उठणं सोपं, पण ट्रॉली कोपराला लागणारच. कंबर रुंद आणि खांदे बेताचे असतील तर खिडकी. खांदेच रुंद असतील तर कडेची.

कडेच्या सीटची एक सोय पुष्कळांना ठाऊक नसते. वाटेकडचा आर्मरेस्ट वर होत नाही असं वाटतं, पण अनेक विमानांत त्याच्या खालच्या बाजूला, मागे बिजागरीजवळ, एक छोटी कळ किंवा खाच असते. बोटाने ती दाबून उचललं की आर्मरेस्ट वर जातो. बसताना-उठताना याचा मोठा उपयोग होतो. सगळ्या सीटना ही सोय नसते. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी तो खाली घ्यावा लागतो.

*उंची जास्त.* तुमच्यासाठी एक्झिट रो खरंच चांगली, पण दोन गोष्टी तपासा. एक्झिटच्या दोन ओळी लागोपाठ असतील तर पुढच्या ओळीची पाठ सहसा मागे झुकत नाही, कारण मागचा रस्ता मोकळा ठेवायचा असतो. आणि काही विमानांत दाराचा फुगवटा खिडकीच्या सीटच्या पायाशी येतो, तिथे एक पाय तिरका ठेवून बसावं लागतं. बल्कहेडमध्ये गुडघ्याला जागा असते, पण पाय लांबवता येत नाहीत, समोर भिंत असते. फार उंच माणसाला कधी कधी साध्या ओळीत पुढच्या सीटखाली पाय सारता येणं जास्त सोयीचं ठरतं. अशा वेळी ज्या सीटखाली मनोरंजनाच्या स्क्रीनची पेटी बसवलेली आहे ती टाळा, ती एका पायाची जागा अडवते.

*उंची कमी.* यांच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. पाय अधांतरी राहिले की सीटची पुढची कड मांडीच्या मागे रुतते आणि पाऊल बधिर होतं. डोक्याच्या आधाराचे कान डोक्याऐवजी वरच कुठेतरी लागतात. साध्या ओळीत बसा, पुढच्या सीटखाली टणक बॅग ठेवा आणि उड्डाण झाल्यावर ती ओढून पावलाखाली घ्या. बल्कहेडमध्ये उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बॅग वरच्या कप्प्यात ठेवावी लागते, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. कमरेच्या मागे छोटी उशी किंवा गुंडाळलेली शाल घेतली तर मांडी पुढे येते आणि गुडघा कडेच्या बाहेर वाकतो.

*पाय न वाकणारे.* अमेरिकेच्या नियमांनुसार पाय किंवा गुडघा वाकत नसेल तर बल्कहेडची किंवा जास्त पायजागा असलेली दुसरी सीट द्यावी लागते, आणि तीही त्या पायाला सोयीच्या बाजूची. इतर ठिकाणी कंपनीशी आधी बोलून पत्र दाखवावं लागतं. हे काम प्रवासाच्या किमान ४८ तास आधी उरका.

शेवटच्या काही ओळींत विमानाचं नळकांडं निमुळतं होतं. मोठ्या विमानांत तिथे तीनऐवजी दोनच सीट बसतात आणि खिडकीशी हातभर फट राहते. दोघं मिळून प्रवास करणाऱ्यांना हे घबाड आहे. अगदी शेवटची ओळ मात्र सोडा. तिची पाठ झुकत नाही आणि स्वच्छतागृहाची रांग उशाशी येते.

४. वरचा वर्ग घ्यायचा की शेजारची सीट?

प्रीमियम इकॉनॉमीत रुंदी इंच-दोन इंच जास्त आणि पिच ३८ इंचांच्या आसपास असते. उंच माणसाला ती पैसे वसूल. रुंद माणसाला नेहमीच नाही, कारण तिथले आर्मरेस्ट बहुधा पक्के, न उचलणारे असतात. १९ इंच म्हणजे १९च, त्यात एक सेंटिमीटरही ढिलाई नाही. त्याउलट इकॉनॉमीतल्या दोन सीट आणि मधला उचलता येणारा आर्मरेस्ट मिळून ३६ इंचांच्या आसपास जागा होते.

बिझनेस क्लासच्या आडव्या होणाऱ्या सीटवर पाय ठेवायची खोबण अरुंद असते आणि खांद्याशी टणक कवच असतं. आकडे आधी पाहा. युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांचा जवळच्या प्रवासातला बिझनेस क्लास म्हणजे इकॉनॉमीचीच सीट, फक्त मधली रिकामी ठेवलेली. उंच माणसाला त्यात निराशा पदरी येते. रुंद माणसाला मात्र ही सोय झकास ठरू शकते, कारण मधली सीट रिकामी राहणार याची हमी मिळते.

५. जादा सीट घेणं : इथेच सर्वांत जास्त घोळ होतात

आधी कंपनीचा नियम वाचा. बहुतेक ठिकाणी निकष दोन असतात: दोन्ही आर्मरेस्ट खाली घेऊन बसता येतं का, आणि एका एक्स्टेंडरने पट्टा लागतो का. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सचा नियम याच धर्तीचा आहे. अलास्का एअरलाइन्स जादा सीटचे पैसे परत करते, पण प्रवासातल्या प्रत्येक उड्डाणात एखादी सीट रिकामी राहिलेली असेल तरच. अमेरिकेतल्याच साउथवेस्ट एअरलाइन्सचं धोरण वर्षानुवर्षं सर्वांत उदार म्हणून सांगितलं जायचं. जानेवारी २०२६ मध्ये तिथे ठरलेल्या सीट क्रमांकांची पद्धत आली आणि परताव्याच्या अटीही कडक झाल्या, त्यामुळे जुने सल्ले वाचून जाऊ नका. कॅनडात देशांतर्गत प्रवासापुरता वेगळा न्याय आहे. २००८ मध्ये तिथल्या परिवहन प्राधिकरणाने "एक माणूस, एक भाडं" असा निर्णय दिला. ज्यांचं स्थूलत्व कार्यात्मक अपंगत्व ठरतं त्यांच्याकडून दुसऱ्या सीटचं भाडं घ्यायचं नाही असा त्याचा अर्थ. पण तो एअर कॅनडा, वेस्टजेट अशा ठरावीक कंपन्यांना आणि पुराव्यासकट केलेल्या अर्जालाच लागू होतो.

तिकिटावर एका कंपनीचं नाव आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं असेल तर नियम कुणाचा हे लेखी विचारा. सीटच्या बाबतीत बहुधा प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीचा नियम चालतो.

नियम कळला की असं करा:

अ) संकेतस्थळावर स्वतःच्याच नावाने दोन प्रवासी भरू नका. एकाच नावाची दोन आरक्षणं दिसली की यंत्रणा दुसरं रद्द करू शकते. कंपनीने जादा सीटसाठी वेगळी सोय दिली नसेल तर फोन करा.

आ) फोनवर "आरामासाठी जादा सीट" असं स्पष्ट सांगा. आरक्षणाच्या यंत्रणेत यासाठी ईएक्सएसटी हा संकेत आहे. सामानासाठी घेतलेल्या सीटचा संकेत वेगळा, सीबीबीजी. गल्लत झाली तर विमानतळावर वाद होतो.

इ) दोन्ही सीट एकाच पीएनआरमध्ये आणि एकाच भाडेवर्गात आहेत ना, हे विचारा. परताव्यासाठी ही अट असू शकते.

ई) तिथल्या तिथे शेजारशेजारचे क्रमांक घ्या: खिडकी आणि मधली, किंवा मधली आणि कडेची. "नंतर देऊ" म्हटलं तर थांबा. जादा सीट तुमच्या मागे चार ओळींवर मिळाल्याचे प्रकार खरेच घडतात.

उ) प्रवासाच्या तीन दिवस आधी आणि आदल्या दिवशी आरक्षण उघडून पाहा. विमान बदललं की क्रमांक आपोआप विस्कटतात.

ऊ) चेक-इन काउंटरवर करा आणि दोन बोर्डिंग पास घ्या. ऑनलाइन चेक-इन जादा सीटवर बहुधा अडतं.

ए) गेटवर दोन्ही पास स्कॅन करायला सांगा. एकच स्कॅन झाला तर यंत्रणेच्या हिशेबी दुसरा प्रवासी आलाच नाही, आणि ती सीट प्रतीक्षा यादीतल्या कुणाला मिळते. जादा सीट हातची जाण्याचं हे सर्वांत मोठं कारण.

उड्डाण रद्द होऊन दुसऱ्या विमानात बसवलं तर जादा सीट आपोआप सोबत येत नाही. नवं तिकीट हातात घेताना हे स्वतःहून सांगावं लागतं.

६. विमानात शिरताना आणि बसताना

लवकर चढण्याची परवानगी मागा. कारण सांगताना संकोच नको: "मला बसायला थोडा वेळ लागतो, आधी जाऊ द्याल का?" एवढं पुरतं. वीस किंवा त्याहून जास्त सीटच्या विमानांसाठी वाटेची किमान रुंदी अमेरिकी नियमात जमिनीपासून २५ इंचांपर्यंत १५ इंच आणि त्यावर २० इंच आहे. कंबर आणि खांदे वाटेत घासत असतील तर बाजूने, तिरकं चालणं सोपं. हातातली बॅग शरीरासमोर धरा, खांद्याला नको.

एक्स्टेंडर हवा असेल तर दारात उभ्या असलेल्या केबिन क्रूलाच सांगा. ते रोजचं काम आहे, गुपचूप आणून देतात. पण मागण्याआधी पट्टा पूर्ण सैल केला आहे ना ते बघा. आधीचा प्रवासी बारीक असेल तर बकल अगदी आखूड करून ठेवलेलं असतं. बकल पट्ट्याला काटकोनात धरून ओढलं की तो सरकतो, सपाट धरून ओढलं तर अडतो. बऱ्याचदा एक्स्टेंडरची गरज इथेच संपते.

एक्स्टेंडरने साधारण ६० सेंटिमीटर वाढतात. बाजारात विकत मिळणारे स्वतःचे एक्स्टेंडर अनेक कंपन्या वापरू देत नाहीत, आणि सगळ्या बकलांचे तोंड सारखं नसतंही. पट्ट्यातच एअरबॅग असलेल्या सीटला, म्हणजे बल्कहेड किंवा वरच्या वर्गातल्या जाड पट्ट्याला, साधा एक्स्टेंडर चालत नाही. लावल्यावर पट्टा पिळलेला नाही आणि पोटावर नसून कमरेच्या हाडावर, खाली बसला आहे हे पाहा. गरोदर स्त्रियांनी तर पोटाच्या खालूनच घ्यायचा.

जादा सीटवर कुणी येऊन बसू लागलं तर हुज्जत नको. "ही सीट माझ्याच नावावर आहे, हा तिचा पास" म्हणून पास दाखवा आणि क्रूला बोलवा.

शेजाऱ्याशी अडचण येत असेल, मग तुम्ही रुंद असा की शेजारी, तर दार बंद होण्याआधी क्रूला हळू आवाजात सांगा. दार उघडं असेपर्यंत त्यांना सीट बदलता येते, कुणाला पुढच्या विमानाचा पर्याय देता येतो. विमान भरलेलं असेल आणि दार लागलं असेल तर त्यांच्याही हातात काही राहत नाही, कारण उभ्याने प्रवास कुणालाच करता येत नाही. शेजाऱ्याचा फोटो काढून गाऱ्हाणं जगभर मांडणाऱ्यांनी निदान एवढं लक्षात घ्यावं की सीट त्यानेही बनवलेली नाही.

७. हवेत असताना

ट्रे पोटाला लागून तिरका राहत असेल तर जेवणाचं ताट धरायला तो पुरत नाही. जादा सीट असेल तर तिचा ट्रे उघडा. नसेल तर अर्ध्यात दुमडणारा ट्रे अर्धाच ठेवा आणि पेय झाकणासकट मागा.

चार तासांहून लांब प्रवासात पायातल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधल्या अहवालात धोका जास्त असलेल्यांत स्थूल माणसं तर होतीच, पण १.९० मीटरहून उंच आणि १.६० मीटरहून बुटकी माणसंही होती. तासा-दीड तासाने उठा. खिडकीशी बसणारे शेजाऱ्याला उठवायचं टाळतात आणि तासन्‌तास बसून राहतात, ते चुकीचं. बसल्या बसल्या टाचा आणि चवडे आळीपाळीने उचला. आधी गुठळी झाली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपण असेल तर दाबाचे मोजे आणि औषध याबद्दल डॉक्टरांना प्रवासाआधी विचारा.

छोट्या विमानांची स्वच्छतागृहं फार अरुंद. चढण्याआधी विमानतळावर जाऊन या. मोठ्या विमानांत अपंगांसाठीचं मोठं स्वच्छतागृह असतं, ते कुठे आहे ते क्रूला आधीच विचारून ठेवा.

८. अगदी छोटं विमान असेल तर

वीसपेक्षा कमी सीटच्या विमानात बऱ्याचदा वजन विचारतात, कधी काट्यावर उभं करतात, आणि सीट तेच ठरवतात. विमानाचा तोल पुढे-मागे नीट राहावा यासाठी हे असतं. इथे लाजेखातर दहा किलो कमी सांगू नका. वैमानिकाचा हिशेब त्या आकड्यावर असतो. सामोआ एअरने तर भाडंच किलोवर लावलं होतं, २०१३ मध्ये त्याची जगभर चर्चा झाली.

९. उतरल्यावर

एक्स्टेंडर सीटवर किंवा क्रूच्या हातात द्या, बॅगेत जाऊ देऊ नका. सगळे उतरेपर्यंत बसून राहिलात तर वाट मोकळी मिळते. दोन्ही बोर्डिंग पास फेकू नका. परताव्याचा अर्ज मुदतीत करावा लागतो आणि त्यात दोन्ही पासचे तपशील मागतात. विमानात किती सीट रिकाम्या होत्या ते उतरण्याआधी क्रूला विचारून टिपून ठेवा. सीटचा क्रमांक, विमानाचा प्रकार, पट्टा पुरला की नाही, आर्मरेस्ट उचलला गेला की नाही, हेही त्याच कागदावर लिहा. त्याच कंपनीने पुन्हा जाताना हा कागद पहिल्या पायरीच्या मोजपट्टीइतकाच कामाला येतो.